ट्रान्सफर केस उघडू नका, आधी शाफ्टवरचे बाण बघा

"रामराम. माझी केळीची बाग चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या अंगाला. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड डिझेल फोर बाय फोर घेतली. मॅन्युअल गिअर, मागेपुढे पाट्यांचं सस्पेन्शन. बांध ओलांडताना पोट घासायचं म्हणून आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) चारही चाकांना दोन-दोन इंच लांब शॅकल (पाट्याचं एक टोक गाडीला टांगणाऱ्या कड्या) टाकले. तेव्हापासून पंच्याऐंशीच्या पुढे जरा गुणगुणायला लागली. कानबाईच्या (श्रावणातल्या सणाच्या) आधी क्रॉस (शाफ्टच्या टोकाचे सांधे) बदलले, मागच्या शाफ्टचे दोन्ही आणि पुढच्याचा एक. आता पंचाहत्तरलाच सुरू होतं आणि नव्वदला पायाखालचा पत्रा, गिअरचा दांडा सगळं झणझणतं. स्टिअरिंग मात्र शांत. दोनदा बॅलन्सिंग झालं, अलाइनमेंट झालं, मागचे दोन टायर नवे घातले. पावसात हायवेला पकड राहावी म्हणून फोर-व्हील घालतो, तेव्हा जास्तच जाणवतं. आता गॅरेजवाले म्हणतात, ट्रान्सफर केसचं बेअरिंग गेलं, उघडावं लागेल, तीस-पस्तीस हजार धरा. आईला मणक्याचा त्रास आहे, दर पंधरा दिवसांनी जळगावला दवाखान्यात न्यावं लागतं. ती म्हणते, 'भाऊ, गाडी नव्वदले गयी का मनी पाठ दुखस.' केस उघडू का?"

भाऊ, रामराम.

उघडू नका. निदान आज तरी नाही. तुमच्या पत्रात दोन तारखा आहेत, आखाजी आणि कानबाई, आणि माझ्या मते अर्धं निदान त्या दोन तारखांतच आहे. शॅकल बदलले आणि गुणगुण सुरू झाली. क्रॉस बदलले आणि गुणगुणीची झणझण झाली. ट्रान्सफर केसला, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या डब्याला, या दोन्ही वेळी कुणी हातही लावलेला नाही. जिथे हात लागला, तिथे आधी बघायचं.

पण माझ्या अंदाजावर तुम्ही पैसे घालू नयेत, म्हणून गाडीकडूनच उत्तर कसं काढायचं ते सांगतो. गाडीखाली तीन वस्तू तीन वेगळ्या वेगांनी फिरतात: इंजिन, प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसमधून चाकांच्या एक्सलकडे जोर नेणारी नळी) आणि चाक. थरथर यातल्या कुणाच्या तालावर चालते, एवढंच पकडायचं असतं. तुमचा टायर २३५/७० आर १६ धरला, तर त्याचा घेर सुमारे २.३१ मीटर होतो. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर. म्हणजे चाक सेकंदाला जवळपास अकरा फेरे घेतं. हाउसिंगमधला (एक्सलच्या मधल्या गिअरच्या खोळीतला) रेशो ४.३ धरला, तर त्याच वेळी प्रोपेलर शाफ्ट सेकंदाला साडेशेहेचाळीस, मिनिटाला जवळपास २८०० फेरे घेतो. सेकंदाला अकरा हिसके अंगाला हिसके म्हणूनच कळतात: स्टिअरिंग हातात नाचतं, सीट हलते, गालाचं मांस थरथरतं. सेकंदाला पंचेचाळीस-पन्नास हिसके वेगळे कळत नाहीत. ते तळपायाला झिणझिण्यांसारखे लागतात आणि कानाला घुमल्यासारखे. क्रॉसच्या कोनाचा दोष असेल तर त्याची दुप्पट, नव्वदच्या वर. तुम्ही लिहिलंत की स्टिअरिंग शांत आणि पत्रा झणझणतो. ही चाकाची खूण नाही, शाफ्टची आहे. दोनदा बॅलन्सिंग करून फरक पडला नाही, यात मला नवल वाटत नाही.

तरीही चाकावर एक शेवटची नजर टाका, कारण तुमची जमीन काळी आहे. आपल्या तापीकाठच्या काळ्या मातीची चिकटाई तुम्हाला मी काय सांगावी! पावसाळ्यात बागेत गाडी गेली की रिमच्या आतल्या अंगाला, ब्रेककडच्या बाजूला, गाळ बसतो. वाळला की सिमेंटसारखा होतो. गाडी धुणारी पोरं बाहेरून पाणी मारतात, आत कुणी बघत नाही. ५० ग्रॅम गाळ म्हणजे मुठीत लपेल एवढा गोळा, पण ताशी ९० ला तोच गोळा चाकाला जवळपास पावणेपाच किलोच्या जोराने ओढतो, सेकंदाला अकरा वेळा. बॅलन्सिंग गाळासकटच झालेलं असेल, तर पुढच्या फेरीत गाळ गळून पडला की तेच बॅलन्सिंग उलटतं. म्हणून चारही चाकं काढा, आतून खरवडा, पाण्याने धुवा आणि मगच पुढच्या चाचण्या घ्या. खाली वाकलाच आहात तर प्रोपेलर शाफ्टवरही हात फिरवा. शाफ्टच्या नळीवर गाळाचा किंवा डांबराचा थर असेल तर तोही काढा. तिथे तर २० ग्रॅमचा गोळा नव्वदला सात किलोएवढा ओढतो, कारण शाफ्ट चाकाच्या चौपट वेगाने फिरतो. नळीच्या टोकाला वेल्ड केलेली छोटी पट्टी दिसेल, ती मात्र काढू नका. ते कारखान्यातून आलेलं बॅलन्सचं वजन आहे. पट्टी गळून नुसती वेल्डची खूण उरली असेल, तर ते मला कळवा.

आता रस्त्यावरची चाचणी. सकाळी लवकर, सरळ, सपाट आणि रिकामा पट्टा बघा. थरथर सर्वांत जास्त असते त्या नव्वदला गाडी धरा. आधी पाचव्या गिअरमध्ये, मग त्याच वेगाला चौथ्यात. वेग तोच, पण इंजिनचे फेरे वाढलेले. थरथर तशीच राहिली तर इंजिन, क्लच आणि इंजिनचे फाउंडेशन रबर जवळपास सुटले. मग पंच्याण्णवला नेऊन गिअर न्यूट्रल करा आणि गाडीला आपोआप सत्तरपर्यंत उतरू द्या. चावी बंद करायची नाही. चावी फिरवली तर ब्रेक जड होतो आणि स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. बाजूला एक माणूस बसवा. कुठल्या आकड्याला थरथर आली आणि कुठे गेली, ते त्याने लिहून घ्यायचं. चालवणाऱ्याने फक्त रस्ता बघायचा.

न्यूट्रलमध्येही नव्वदला तेवढीच थरथर राहिली, तर दोष बॅलन्सचा किंवा शाफ्ट वाकल्याचा असण्याची शक्यता मोठी, कारण वजनाचा असमतोल इंजिनाचा जोर आहे की नाही हे पाहत नाही. अॅक्सिलरेटर दिला की वाढते आणि सोडला की कमी होते, असं असेल तर संशय कोनावर जातो. जोर आला की पाटे किंचित पिळतात आणि पिनियनचं, म्हणजे हाउसिंगमधल्या ज्या गिअरच्या दांड्याला शाफ्ट जोडतो त्याचं, तोंड वर उचलतं. उलट, अॅक्सिलरेटर सोडल्यावरच घुमत असेल तर पिनियनचं बेअरिंग आणि फ्लँजचा (शाफ्ट बोल्टने जोडायच्या चकतीचा) नट तपासायला हवा. हे तीन स्वभाव वेगळे आहेत. तुमच्या पत्रात एवढं नाही, म्हणून विचारतो.

यानंतर सगळ्यात कामाची गोष्ट: पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढून गाडी चालवून बघणं. पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब असतील तर ते फ्री करा, टू-व्हीलमध्ये पुढचा शाफ्ट थांबतो, आणि पाना न उचलता चाचणी होते. तसे हब नसतील तर टू-व्हीलमध्येही पुढची चाकं तो शाफ्ट फिरवतच राहतात. बरेच जण इथेच फसतात, "फोर-व्हील घातलंच नाही तर पुढचं काय बघायचं" म्हणतात. दोन्ही टोकांना फ्लँज असेल तर आठ बोल्टांचं काम आहे. काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर समोरासमोर पांढऱ्या पेंटची रेघ ओढा, म्हणजे परत जसाच्या तसा बसेल. एक टोक सोडून दुसरं लोंबकळत ठेवून गाडी हलवायची नाही, शाफ्ट पूर्ण खाली घ्यायचा. मग टू-व्हील हायमध्ये नव्वदला न्या. थरथर गेली तर गुन्हेगार तुमच्या हातात आहे. राहिली तर मागचा शाफ्ट, आणि मला जास्त संशय मागच्याचाच आहे.

तो का, ते सांगतो.

क्रॉसचा स्वभावच असा आहे की तो कोनात फिरला की एकसारखं फिरवत नाही. पुढचं टोक मिनिटाला बरोबर २७०० फेरे घेत असलं आणि क्रॉसवर १० अंशांचा कोन असला, तर पलीकडचं टोक प्रत्येक फेऱ्यात दोनदा २६५९ पर्यंत मंदावतं आणि दोनदा २७४२ पर्यंत पळतं. कोन ३ अंशांचा असेल तर हीच घसरण २६९६ ते २७०४ एवढीच राहते. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हे सगळं उलट करून पुसून टाकतो, पण दोन अटींवर. दोन्ही क्रॉसचे कोन सारखे हवेत, साधारण एका अंशाच्या आत. आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे, म्हणजे क्रॉस धरणारे दुबेळके, एकाच ओळीत हवेत. काटे ओळीत नसतील तर दुसरा क्रॉस पुसत नाही, भर घालतो.

पहिली अट आखाजीला मोडली असावी. शॅकल दोन इंच लांब केला की गाडी एकच इंच उचलते, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं. पण पाटा तिरका होतो. सव्वा मीटरच्या पाट्यात मागचं टोक पाच सेंटिमीटर खाली गेलं, तर हाउसिंग दोन-अडीच अंश फिरतं आणि पिनियनचं तोंड वर वळतं. ट्रान्सफर केस मात्र होतं तिथेच. म्हणजे एका अंशाची सवलत असताना दोनचा फरक पडला. पंच्याऐंशीच्या पुढची ती गुणगुण माझ्या मते हीच.

दुसरी अट कानबाईच्या आधी मोडली असावी. मागच्या शाफ्टमध्ये स्लिप जॉइंट असतो, दातांचा, ज्यात शाफ्ट लांब-आखूड होतो. क्रॉस बदलताना हे दोन तुकडे बऱ्याचदा वेगळे केले जातात. काही शाफ्टना एक दात जाड असतो, ते चुकीचे बसतच नाहीत. बाकीच्यांना दोन्ही तुकड्यांवर बाणाची खूण ठोकलेली असते, ती समोरासमोर यायला हवी. ग्रीस आणि मातीखाली ती खूण दिसत नाही. घाईत तुकडे बसवले की दोन-तीन दातांनी चूक होते, शाफ्ट मुकाट बसतो, नट आवळले जातात, गाडी बाहेर निघते आणि गल्लीत काहीच जाणवत नाही.

मला हे चांगलं आठवतं, कारण मीच एकदा चुकलो आहे. धुळ्यात माझं गॅरेज नवं होतं. एक गाडी अशीच नव्वदच्या थरथरीची आली, आणि मी ट्रान्सफर केस उतरवून दोन बेअरिंग बदलली. मालकाने कष्टाने पैसे आणले होते. गाडी रस्त्यावर गेली, थरथर तशीच. दुसऱ्या दिवशी खड्ड्यात उतरून, काय करावं सुचत नव्हतं म्हणून, मी रॉकेलच्या फडक्याने मागचा शाफ्ट पुसायला लागलो. स्लिप जॉइंटवरचा काळा थर निघाला आणि खाली एक बाण दिसला, नखाएवढा. दुसरा बाण शोधायला मला बोटाने चाचपत तीन दात पुढे जावं लागलं. शाफ्ट काढला, बाण समोरासमोर आणले, बसवला, आणि पारोळ्यापर्यंत नेऊन आणली. पायाखालचा पत्रा शांत होता. बेअरिंगचे पैसे मी त्या मालकाला परत केले, पण त्याचे तीन दिवस गेले ते गेलेच. तेव्हापासून आधी फडकं, मग पाना.

म्हणून तुम्हीही आधी फडकं घ्या. गाडी सपाट जागी, चाकांना दगड किंवा लाकडाचे ठोकळे लावून उभी करा. मागचा शाफ्ट पुसा. बाण बघा. बाण सापडले नाहीत तर दोन्ही टोकांचे काटे बघा: शाफ्टच्या नळीला जोडलेला पुढचा काटा आणि मागचा काटा एकाच पातळीत आहेत का? सरळ पट्टी धरली तरी कळतं. मग क्रॉस तपासा. शाफ्ट एका हाताने धरून फ्लँज दुसऱ्या हाताने फिरवा, वर-खाली ढकला. नवा क्रॉस आहे, तेव्हा काहीच खेळ जाणवता कामा नये. क्रॉसच्या टोकावरच्या कॅपच्या कडेला लालसर गंजाची पूड दिसली, तर तो क्रॉस आत कोरडा पडलाय. शाफ्ट खाली घेतल्यावर क्रॉस बोटांनी चारही दिशांना हलवा. तो सारख्या जोराने हलायला हवा. एका जागी अडकून मग सुटत असेल, तर कॅप वाकडी ठोकली गेली किंवा कॅप धरून ठेवणारं लॉक खाचेत नीट बसलं नाही. लॉक एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक पडलं तरी शाफ्ट मध्यावरून सरकतो, आणि नवा क्रॉस असूनही असमतोल येतो.

मागचा शाफ्ट उतरवताना एक जपा. तो निघाला की गाडी गिअरमध्ये ठेवूनही उभी राहत नाही, कारण गिअरचा आणि मागच्या चाकांचा संबंध तुटलेला असतो. काही जुन्या जीपमध्ये हँडब्रेकही ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडावर असतो, तोही निकामी होतो. ठोकळे काढायचे नाहीत, आणि उतारावर हे काम करायचंच नाही.

बाण ठीक निघाले तर कोन मोजा. मोबाइलमधलं लेव्हलचं अॅप पुरतं. गाडी स्वतःच्या चाकांवर, रोजच्या वजनासह उभी असू द्या. जॅकवर घेतली की हाउसिंग खाली लोंबतं आणि मोजमाप खोटं ठरतं. ट्रान्सफर केसच्या फ्लँजच्या सपाट तोंडावर पोलादी पट्टी धरून तिच्यावर फोन टेकवा, आकडा लिहा. तसाच पिनियनच्या फ्लँजवर. मग शाफ्टच्या नळीवर फोन ठेवून तिचा उतार घ्या. फ्लँजचं तोंड उभं असल्याने तो आकडा ९० तून वजा करा, तिन्ही एकाच भाषेत येतील. पहिल्या दोन आकड्यांत एका अंशापेक्षा जास्त फरक असेल, तर कोन बिघडलेत. शाफ्टशी होणारा कोन तीन अंशांच्या आसपास राहिला तर उत्तम, पण अगदी शून्यही नको. निदान अर्धा अंश हवा, नाहीतर क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया एका जागी बसून खड्डे पाडतात.

कोन बिघडले असतील तर हाउसिंग आणि पाट्यांमध्ये पोलादी पाचर बसवून पिनियनचं तोंड खाली आणता येतं. दोन अंशांची, चार अंशांची तयार मिळते. यू बोल्ट नवे घ्या आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. पुढच्या एक्सलला मात्र अशी पाचर परस्पर घालू नका. तिथे पिनियनबरोबर चाकांचा कॅस्टरही (चाक ज्या आसावर वळतं त्याचा कल) फिरतो आणि शांत असलेलं स्टिअरिंग भरकटायला लागेल. पण भाऊ, मी तुमच्या जागी असतो तर पाचरीच्या भानगडीत न पडता जुने शॅकल परत लावले असते. एक इंच उंचीसाठी शाफ्टचा कोन बिघडवणं मला पटत नाही. ज्या बांधावर पोट घासतं, त्या बांधाला दोन पाट्या माती टाकून चाकोरी करून घ्या. जुने शॅकल गोठ्यात कुठेतरी पडले असतीलच.

बाण बरोबर, कोन बरोबर, क्रॉस निर्दोष, आणि न्यूट्रलमध्येही थरथर, एवढं सगळं झालं तरच शाफ्ट बॅलन्सिंगला पाठवा. त्याआधी एक घरगुती उपाय: शाफ्ट पिनियनच्या फ्लँजवरून सोडून अर्धा फेरा फिरवून बसवा आणि पुन्हा चालवून बघा. कधी फ्लँजचा आणि शाफ्टचा असमतोल एकाच बाजूला आलेला असतो, अर्ध्या फेऱ्याने ते एकमेकांना खातात. लेथवाल्याला शाफ्ट दिला तर नळी वाकलेली आहे का तेही बघायला सांगा.

एक राहिलं. पावसातल्या हायवेला फोर-व्हील घालणं बंद करा. तुमच्या गाडीत मधला डिफरन्शियल नसेल तर पुढची आणि मागची चाकं एकमेकांना बांधली जातात. डांबरावर वळताना दोघांना वेगळं अंतर कापायचं असतं, ते कापता येत नाही आणि तो पीळ शाफ्ट, क्रॉस आणि केसवर बसतो. त्यात तुम्ही मागचे दोनच टायर नवे घातलेत, म्हणजे पुढचे झिजलेले, घेर कमी. सरळ रस्त्यावरही पीळ चालूच. फोर-व्हील चिखलासाठी आहे, ती तिथेच घाला.

हे सगळं दोन सकाळींचं काम आहे. तोवर आईंना जळगावला न्यायचं असेल तर साठच्या आत न्या आणि मागच्या सीटला पाठीमागे जाड उशी द्या. क्रॉसमध्ये हाताला खेळ जाणवला तर मात्र अजिबात नेऊ नका, त्या दिवशी एसटी किंवा शेजाऱ्याची गाडी बघा. शाफ्टचं पुढचं टोक चालत्या गाडीत सुटून रस्त्यात रुतलं तर गाडी मागून उचलली जाते. एवढा धोका आईंना घेऊन पत्करायचा नाही.

न्यूट्रलमधले आकडे, तीन कोन आणि स्लिप जॉइंट पुसल्यावरचा फोटो पाठवा. फोटोत दोन्ही बाण दिसतील असा उजेड घ्या.